सहकारी दूरसभा-सेवा आणि सभासदांची गोपनीयता

सहकारी संस्थेच्या सभेत जे बोलले जाते ते सर्वच इतिवृत्तात उतरत नाही, आणि ते उतरू नये अशीच सर्वांची अपेक्षा असते. पतसंस्थेच्या संचालक मंडळापुढे थकबाकीची यादी येते, तेव्हा एखाद्या सभासदाच्या घरातील आजारपण, मुलीचे लग्न, बुडालेला धंदा यांचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. गृहनिर्माण संस्थेत शेजाऱ्याविरुद्धच्या तक्रारीची शहानिशा होते. दुग्ध संस्थेत कर्मचाऱ्याच्या वर्तनाची चौकशी चालते. इतिवृत्तात मात्र चर्चेअंती मुदतवाढ मंजूर झाली किंवा समज देण्यात आली, एवढीच ओळ लिहिली जाते. बंद दाराआड झालेली चर्चा आणि नोंदवहीत उतरलेला निर्णय यांतील हे अंतर सहकारी व्यवहाराने पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. सभा संगणकाच्या पडद्यावर भरू लागली की हे अंतर राहील किंवा नाही, हे केवळ सभासदांच्या सौजन्यावर अवलंबून राहत नाही. दूर कोठेतरी ठेवलेल्या एका सर्व्हरची मांडणी कशी केली आहे, यावर ते ठरते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 चे या संदर्भात स्मरण होते. गोव्यातही 2001 चा स्वतंत्र अधिनियम येईपर्यंत हाच कायदा लागू होता, त्यामुळे तेथील जुन्या कार्यकर्त्यांनाही हे कलम अपरिचित नाही. प्रत्येक सभासदास संस्थेचे उपविधी, ताळेबंद, सभांची इतिवृत्ते पाहण्याचा अधिकार या कलमाने दिला. परंतु हिशेबाच्या वह्यांच्या बाबतीत सभासदाने पाहावयाचा तो केवळ त्याच्या स्वतःच्या व्यवहारांचा भाग, अशी मर्यादाही घातली. संस्था सर्वांची, तिचा कारभार सर्वांना खुला, आणि तरीही एकाचे खाते दुसऱ्यास बंद, हा समतोल त्या तरतुदीत आहे. दूरसभा चालविणाऱ्या सहकारी सेवेपुढील प्रश्न तत्त्वतः याहून वेगळा नाही. फरक इतकाच की येथे वहीच्या जागी सर्व्हर आहे आणि कुलपाच्या जागी संगणकप्रणाली.

अशा सेवा प्रामुख्याने 2020 नंतर पुढे आल्या. त्या वर्षीच्या महामारीत शाळा, न्यायालये, संघटना आणि सहकारी संस्था यांच्या सभा अल्पावधीत पडद्यावर गेल्या, आणि बहुतेकांनी हाताशी आलेली पहिली व्यापारी सेवा स्वीकारली. तिचे दोषही लवकरच दिसू लागले. केंद्रीय गृह मंत्रालयाने 16 एप्रिल 2020 रोजी सूचनापत्र प्रसृत करून झूम ही सेवा सुरक्षित नसल्याचे व शासकीय अधिकाऱ्यांनी ती कार्यालयीन कामासाठी वापरू नये असे कळविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सदर कंपनीविरुद्ध तक्रार नोंदविली. सभा या टोकापासून त्या टोकापर्यंत कूटबद्ध राहते असे ग्राहकांना सांगितले जात होते, प्रत्यक्षात किल्ल्या कंपनीच्याच हाती होत्या, असा आयोगाचा मुख्य आक्षेप होता. काही मुद्रणे सुरक्षित साठ्यात जाण्यापूर्वी 60 दिवसांपर्यंत कूटबद्ध न करता पडून राहत, असेही तक्रारीत नमूद होते. 2021 च्या आरंभी तडजोडीचा आदेश अंतिम झाला. कंपनीने पुढे अनेक सुधारणा केल्या, हे सांगणे न्यायाचे होईल. परंतु ग्राहकास आतली मांडणी पाहता येत नाही आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते, ही मूळ अडचण त्या प्रकरणाने सर्वांच्या नजरेस आणली.

युरोप व उत्तर अमेरिकेतील काही तंत्रविषयक सहकारी संस्थांनी 2020 मध्येच वेगळी वाट काढली. बार्सिलोनाची फेमप्रोकोमुन्स, इंग्लंडमधील शेफील्डची वेबआर्किटेक्ट्स इत्यादी संस्थांनी मिळून ऑनलाइन मीटिंग को-ऑपरेटिव्ह, म्हणजेच मीट डॉट कोऑप, ही दूरसभा-सेवा उभी केली. सर्व्हर चालविणारे तंत्रज्ञ हे एका वर्गाचे सभासद आणि सेवा वापरणाऱ्या संस्था व व्यक्ती हे दुसऱ्या वर्गाचे, अशी तिची रचना करण्यात आली. सभेसाठी बिगब्ल्यूबटन ही मुक्त स्रोत प्रणाली निवडण्यात आली. 2007 साली कॅनडातील ओटावा येथील कार्लटन विद्यापीठात दूरशिक्षणासाठी सुरू झालेली ही प्रणाली कोणासही विनामूल्य घेता, तपासता व बदलता येते.

जाहिरातीवर न चालणारी, सभासदांच्या वर्गणीवर चालणारी सेवा असली की माहिती गोळा करण्याचे एक मोठे प्रलोभन नाहीसे होते, हे खरे. ग्राहकाची आवडनिवड विकून उत्पन्न काढावयाचे नसेल, तर ती टिपण्याचे कारण उरत नाही. परंतु एवढ्यावरून सहकारी सेवेत गोपनीयता आपोआप येते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हेतू शुद्ध असूनही माहिती साठत जाते. कारण संगणकप्रणालीचा स्वभावच नोंद ठेवण्याचा आहे. नको असलेली नोंद थांबविण्यासाठी कोणीतरी मुद्दाम उठून ती बंद करावी लागते.

सभा सर्व्हरमधून कशी जाते

पाच-पंचवीस माणसे पडद्यावर एकत्र दिसतात, तेव्हा प्रत्येकाचा आवाज व चित्र प्रथम एका मध्यवर्ती सर्व्हरकडे जाते आणि तेथून इतरांकडे वाटले जाते. ही वाटणी दोन प्रकारे होऊ शकते. पहिल्या प्रकारात सर्व्हर टपाल कचेरीप्रमाणे काम करतो. आलेले पाकीट न फोडता ज्याचे त्यास पोहोचवितो. दुसऱ्या प्रकारात तो सर्व आवाज उघडून, एकत्र मिसळून, तयार झालेला एकच प्रवाह सर्वांस देतो. दुसऱ्या प्रकाराने इंटरनेटची जोडणी क्षीण असलेल्या सभासदाची सोय होते, कारण त्याला वीस प्रवाहांऐवजी आवाजाचा एकच प्रवाह घ्यावा लागतो. साध्या दूरध्वनीवरून सभेत येणेही त्यामुळे शक्य होते. बिगब्ल्यूबटनमध्ये आवाजासाठी दीर्घकाळ हीच पद्धत वापरात आली आहे.

येथेच गोपनीयतेचा पहिला कठीण प्रश्न उभा राहतो. घरच्या संगणकापासून सर्व्हरपर्यंतचा प्रवास कूटबद्ध असतो. वाटेत कोणी तार जोडून ऐकू म्हणेल तर त्याच्या हाती निरर्थक अंकांखेरीज काही लागत नाही. परंतु आवाज मिसळावयाचा म्हणजे सर्व्हरला तो उलगडावा लागतो. त्या क्षणी सभेतील बोलणे सर्व्हरच्या स्मृतीत उघडे असते, आणि ज्याच्या हाती सर्व्हरचा संपूर्ण ताबा आहे त्याने मनात आणल्यास ते त्याला ऐकता येणे अशक्य नाही. वाटेवरील सुरक्षितता आणि टोकापासून टोकापर्यंतची सुरक्षितता या दोन भिन्न गोष्टी आहेत. माहितीपत्रकात केवळ "कूटबद्ध सेवा" असे लिहिलेले असेल, तर यांपैकी कोणती, असे सभासदाने विचारलेच पाहिजे.

जित्सी या दुसऱ्या प्रसिद्ध मुक्त प्रणालीने 2020 मध्ये टोकापासून टोकापर्यंतच्या कूटबद्धतेचा पर्याय आणला. तीत सर्व्हर टपाल कचेरीचे काम करतो, म्हणून हे शक्य झाले. मात्र हा पर्याय चालू केला की सर्व्हरवरील मुद्रण होत नाही आणि साध्या दूरध्वनीवरून येणाऱ्यास सभेत घेता येत नाही. ज्याला ऐकू येत नाही असा सर्व्हर इतरांसाठी ऐकून तरी काय ठेवणार? शिवाय पाकीट बंद असले तरी पाकिटावरील पत्ता उघडाच राहतो. कोण, केव्हा, कोठून आणि किती वेळ सभेत होता, हे सर्व्हरला कळतेच. कामगार संघटना बांधण्यासाठी भरलेल्या गुप्त सभेत काय बोलले गेले यापेक्षा तेथे कोण उपस्थित होते, हेच मालकास अधिक मोलाचे वाटू शकते.

आणखी एक बारकावा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जित्सीवर दोनच व्यक्ती बोलत असतील तर प्रणाली सर्व्हरला बाजूस सारून दोघांचे संगणक परस्परांशी थेट जोडते. त्यामुळे सर्व्हर मधून निघून जातो हे चांगलेच. पण दोन्ही टोकांना एकमेकांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील ठावठिकाणा, उघड होतो. कौटुंबिक हिंसेतून सुटून आलेल्या स्त्रीस विरुद्ध पक्षाशी मध्यस्थीची बैठक करावयाची असेल, तर हीच सोय तिला घातक ठरू शकते. तशा बैठकीत थेट जोडणी बंद ठेवून सर्व संभाषण सर्व्हरमार्फतच नेणे इष्ट. त्याचप्रमाणे आपल्या संगणकाचा बाहेरील पत्ता कोणता, हे विचारण्यासाठी प्रणालीला एका साह्यकारी सर्व्हरची गरज लागते, आणि त्यासाठी पुष्कळदा एखाद्या मोठ्या कंपनीचा विनामूल्य सर्व्हर नकळत नेमलेला असतो. स्वतःची सहकारी सेवा उभारूनही प्रत्येक सभासदाचा पत्ता त्या कंपनीच्या दारावरून जातो. असा साह्यकारी सर्व्हर स्वतःच चालविणे फारसे खर्चाचे नाही.

लाल बटनाचा गैरसमज

मुद्रणाचे बटन दाबल्यावर मुद्रण सुरू होते आणि ते पुन्हा दाबल्यावर थांबते, अशी सामान्य माणसाची समजूत असते, आणि ती असणे स्वाभाविक आहे. बिगब्ल्यूबटनच्या बाबतीत मात्र ही समजूत दीर्घकाळ चुकीची होती. ज्या सभेस मुद्रणाची मुभा देण्यात आली आहे, त्या सभेचे सर्व साहित्य सर्व्हर आरंभापासून अखेरपर्यंत टिपून ठेवीत असे. आवाज, चित्र, लेखी संवाद, फलकावरील लेखन, सर्व काही त्यात येई. बटन दाबल्याने केवळ कालखंडाच्या खुणा पडत. सभा संपल्यावर प्रणाली त्या खुणांमधील भाग कापून घेई व तेवढाच भाग सभासदांना पाहावयास मिळे. उरलेला भाग कच्च्या स्वरूपात सर्व्हरवर राहत असे.

यामागे दुष्ट हेतू नव्हता. शिक्षक वर्गाच्या आरंभी बटन दाबण्यास विसरतो आणि तास संपल्यावर मुद्रण हवे म्हणून तंत्रज्ञाकडे धाव घेतो, हा विद्यापीठातील नित्याचा अनुभव. त्याला मदत व्हावी म्हणून संपूर्ण साहित्य राखण्याची योजना करण्यात आली होती. वर्गासाठी जी सोय, तीच संचालक मंडळाच्या सभेसाठी संकट ठरते. अध्यक्षांनी सर्वांसमक्ष "मुद्रण थांबविले आहे, आता मोकळेपणाने बोलावे" असे सांगावे, सभासदांनी त्यावर विश्वास ठेवून थकबाकीदारांची नावे घ्यावीत, आणि तेच बोलणे सर्व्हरवर जमा होत राहावे, यात कोणीही खोटे बोललेले नसते. तरीही विश्वासभंग झालेला असतो.

पुढील आवृत्त्यांत बटन चालू असेल तेवढाच वेळ आवाज व चित्र टिपण्याचा पर्याय प्रणालीत आला. तो आपल्या सर्व्हरवर कसा ठेवला आहे, याची चौकशी प्रत्येक संस्थेने करावी. ज्या सभेस मुद्रणाची आवश्यकताच नाही, तिला मुद्रणाची मुभा मुळातच न देणे हा सर्वांत निर्धास्त उपाय होय. मग कच्चे साहित्य निर्माणच होत नाही. सहकारी सेवेने सर्व सभाकक्षांत हीच मूळ स्थिती ठेवावी आणि ज्यास मुद्रण हवे त्याने ते मागून घ्यावे, हे योग्य दिसते.

कच्चे साहित्य किती दिवस राहते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. बिगब्ल्यूबटनबरोबर दैनंदिन साफसफाईचा एक लहानसा कार्यक्रम येतो. बटन न दाबलेल्या सभांचे साहित्य 14 दिवसांनी व प्रणालीच्या नोंदवह्या 28 दिवसांनी काढून टाकाव्यात, अशी त्याची मूळ मांडणी आहे. बटन दाबून तयार झालेल्या मुद्रणाचे कच्चे साहित्य आपोआप जावे, अशी व्यवस्था मात्र प्रशासकाने स्वतः करावी लागते. नेमक्या याच साहित्यात कापून काढलेला, म्हणजे सर्वांत नाजूक, भाग असतो. याशिवाय सर्व्हरच्या प्रती रोज रात्री अन्यत्र जतन केल्या जात असतील, तर मूळ फाइल पुसूनही तिची प्रत जुन्या साठ्यात महिनोन्‌महिने राहू शकते. "आम्ही मुद्रण पुसतो" या विधानास प्रतींचा हिशेब जोडलेला नसेल तर ते अपुरे समजावे.

एका गोष्टीवर मात्र कोणत्याही तंत्राचा इलाज नाही. सभेस बसलेल्या व्यक्तीने आपला मोबाइल पडद्यासमोर धरून चित्रीकरण केले, तर जगातील कोणताही सर्व्हर ते रोखू शकत नाही. त्यासाठी उपविधीत तरतूद आणि अध्यक्षांची आरंभीची सूचना, हेच साधन.

किल्ली कोणाकडे

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोन अधिकाऱ्यांकडे वेगवेगळ्या असतात. दोघे एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. सर्व्हरला अशी दुसरी किल्ली सहसा नसते. ज्या तंत्रज्ञाकडे सर्वोच्च अधिकाराचा पासवर्ड आहे, त्याला एकट्याने मध्यरात्री कोणतीही फाइल उघडता येते. संस्थेची निवडणूक कितीही लोकशाही मार्गाने झालेली असो, सर्व्हरपुरता तो तंत्रज्ञ एकाधिकारी असतो.

1844 साली रॉचडेल येथील विणकरांनी घालून दिलेल्या आणि 1995 मध्ये मँचेस्टर येथे आंतरराष्ट्रीय सहकारी महासंघाने सात तत्त्वांच्या स्वरूपात पुन्हा मांडलेल्या विचारांत सभासदांचे लोकशाही नियंत्रण हे दुसरे तत्त्व आहे. भारतातील आरंभीची सहकारी संस्था म्हणून जिचा निर्देश केला जातो, ती अन्योन्य सहकारी मंडळी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने 1889 साली बडोद्यात निघाली. मंडळीच्या वह्या कोणी लिहावयाच्या आणि कोणी तपासावयाच्या, हे त्या काळी सभासदांना उघड्या डोळ्यांनी पाहता येत होते. सर्व्हरच्या बाबतीत ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नियमांनी दिसते करावे लागते. प्रशासक किती, कोण, त्यांना कोणत्या कारणास्तव सर्व्हरमध्ये जाण्याची मुभा, आणि ते गेल्याची नोंद कोठे होते, हे सेवेने सभासदांपुढे लेखी ठेवावे. ही नोंद प्रशासकांना स्वतःला पुसता येऊ नये म्हणून ती दुसऱ्या, त्यांच्या ताब्यात नसलेल्या संगणकाकडे तत्क्षणी पाठविली जाणे आवश्यक. सहकार खात्याचा लेखापरीक्षक ज्याप्रमाणे रोख शिल्लक मोजतो, त्याप्रमाणे बाहेरील जाणकाराने वर्षातून एकदा ही नोंद तपासावी. प्रणाली मुक्त स्रोत आहे, एवढे सांगून भागत नाही. प्रसिद्ध झालेला मूळ कार्यक्रम सर्वांना वाचता येतो. पण या विशिष्ट सर्व्हरवर तोच चालू आहे आणि त्याची मांडणी अमुक प्रकारेच केली आहे, याची ग्वाही तपासणीखेरीज मिळत नाही.

लहान सहकारी सेवेस स्वतःचे यंत्रगृह क्वचितच परवडते. ती एखाद्या कंपनीकडून सर्व्हर भाड्याने घेते, निमंत्रणाचे ईमेल दुसऱ्या कंपनीमार्फत पाठविते, वर्गणी तिसरीमार्फत घेते. सभासदाची माहिती अशा रीतीने तीन घरी जाते. युरोपीय संघाच्या 25 मे 2018 पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण विनियमात अशा प्रत्येक उपकंत्राटदाराशी लेखी करार असणे बंधनकारक केले आहे. बर्लिनच्या माहिती-संरक्षण आयुक्तांनी जुलै 2020 मध्ये दूरसभा-सेवांच्या करारपत्रांची छाननी करून त्यांना वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे लाल, पिवळे व हिरवे रंग दिले. अनेक नामांकित कंपन्यांच्या वाट्यास लाल रंग आला, तर जित्सी व बिगब्ल्यूबटन चालविणाऱ्या काही लहान सेवांना हिरवा मिळाला. त्याच महिन्याच्या 16 तारखेस युरोपीय न्यायालयाने युरोपातून अमेरिकेकडे माहिती नेण्यासंबंधीची तेव्हाची व्यवस्था रद्दबातल ठरविली. तिच्या जागी 2023 मध्ये नवी व्यवस्था आली असली, तरी सर्व्हर कोणत्या देशाच्या कायद्याखाली उभा आहे, हा प्रश्न त्यानंतर कोणी क्षुल्लक मानला नाही.

नोंदवही ठेवावी की पुसावी

भारतात गोपनीयतेच्या हक्कास घटनात्मक अधिष्ठान आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्या. पुट्टस्वामी प्रकरणी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. त्या अनुषंगाने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 साली संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित करण्यात आले. मुख्य जबाबदाऱ्या अमलात आणण्यासाठी नियमांनी 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे. माहिती बाळगणाऱ्या संस्थेला या कायद्याने विश्वस्ताच्या अर्थाचे नाव दिले आहे, आणि सहकारी क्षेत्राला ही कल्पना परकी वाटू नये. ज्या हेतूने माहिती घेतली तो पूर्ण झाला की ती पुसणे, संमती साध्या भाषेत मागणे, माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीस व मंडळास कळविणे, ही तिची कर्तव्ये. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. शाळकरी मुलांचे वर्ग भरविणाऱ्या सेवेने एवढ्याच कारणास्तव आपला नोंदणी अर्ज पुन्हा वाचून पाहावा.

परंतु याच्या नेमका उलट ओढणारा एक आदेशही आहे. संगणक सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरविणाऱ्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदवह्या 180 दिवस जपावयाच्या आहेत आणि सुरक्षाविषयक घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवावयाची आहे. 2025 च्या नियमांनीही सुरक्षेसाठीच्या नोंदी एक वर्षपर्यंत ठेवण्यास सांगितले आहे. युरोपातील लहान सेवा सभा संपताच आयपी पत्ते पुसण्याचा अभिमान बाळगू शकते. भारतात ते तितके सरळ नाही.

यावर तोडगा नाही असे नव्हे. कायद्यास हवी आहे ती यंत्रणेची नोंद, सभेतील बोलणे नव्हे. कोणत्या पत्त्यावरून केव्हा जोडणी झाली, ही नोंद वेगळ्या, कूटबद्ध जागी ठेवता येते. ती उघडण्यासाठी दोन पदाधिकाऱ्यांची संमती लागेल अशी व्यवस्था करता येते, आणि मुदत संपताच ती आपोआप नष्ट होईल असे बघता येते. लेखी संवाद, फलक, अपलोड केलेली कागदपत्रे आणि कच्चे मुद्रण यांना ही मुदत लावण्याचे कारण नाही. पुष्कळ ठिकाणी दोन्ही प्रकारची माहिती एकाच पेटीत टाकून "कायद्याने ठेवावीच लागते" असे उत्तर दिले जाते. ते उत्तर आळसाचे आहे.

सभाकक्षाच्या लिंकविषयी थोडक्यात सांगावयाचे तर लिंक म्हणजेच किल्ली. ती व्हॉट्सअॅपच्या गटातून फिरू लागली की दार उघडेच. वारंवार एकच लिंक न वापरणे, प्रतीक्षाकक्ष ठेवणे आणि येणाऱ्यास नियंत्रकाने ओळखून आत घेणे, एवढे पथ्य पुरेसे आहे. मात्र ओळख पटविण्याच्या नादात अनावश्यक माहिती मागण्याचा मोह आवरावा. जित्सीची सार्वजनिक सेवा वर्षानुवर्षे कोणतीही नोंदणी न करता वापरता येत असे. गैरवापर वाढल्यामुळे ऑगस्ट 2023 पासून तेथे सभाकक्ष उघडणाऱ्यास गूगल, फेसबुक किंवा गिटहब या खात्याने प्रवेश करणे भाग पडले. दुर्जनांना अडविण्यासाठी सज्जनांची ओळख बड्या कंपन्यांकडे नोंदविली जावी, हा व्यवहार अनेकांना रुचला नाही. सहकारी सेवेस येथे एक नैसर्गिक लाभ आहे. तिच्याकडे सभासदांचे नोंदणीपुस्तक असतेच. कक्ष उघडणारा सभासद ओळखीचा असेल तर सभेस येणाऱ्या प्रत्येकाची ओळख विचारण्याची गरज उरत नाही. पाहुण्याने टोपणनावाने आत यावे, त्याची जबाबदारी यजमान सभासदाची.

मतदानाच्या प्रसंगी मात्र हा लाभ अपुरा पडतो. सभेतील मतचाचणीची साधने हात वर करण्याच्या मतदानासाठी ठीक आहेत. त्यांत गुप्त मताचा पर्याय दिलेला असला, तरी सर्व्हर चालविणाऱ्यापासूनही ते गुप्त राहील अशी खात्री त्यात नसते. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचे गुप्त मतदान दूरसभेच्या बटनांवर उरकणे योग्य नव्हे.

सहकारी सेवाही बंद पडतात. वर्गणी आटते, तंत्रज्ञ सोडून जातात, संस्था अवसायनात निघते. अशा वेळी फर्निचर व ठेवी यांची यादी होते, परंतु सर्व्हरवरील मुद्रणांची यादी करण्याचे अवसायकास सुचेलच असे नाही. भाड्याचा करार संपला की यंत्र दुसऱ्या भाडेकरूकडे जाते. म्हणून सेवेच्या उपविधीतच क्रम लिहून ठेवावा: बंद होण्यापूर्वी किमान तीन महिने सभासदांना सूचना, ज्याचे मुद्रण त्याला ते उतरवून घेण्याची मुभा, त्यानंतर मूळ साहित्य व सर्व प्रती पुसणे, कूटबद्ध साठ्याच्या किल्ल्या नष्ट करणे, आणि हे काम अमुक तारखेस दोन प्रशासकांनी पूर्ण केल्याची नोंद शेवटच्या सभेच्या इतिवृत्तात घेणे.